मानाची शाल आणि तेवीस नमुने

तेवीस नमुने होते. अकरा माणसांच्या त्वचेची खरवड. सगळे पुरुष, सगळे आमच्या गल्लीतल्या म्हैसवाल्यांच्या श्वेतधारा मित्र मंडळाचे सभासद. एक धोंडुआत्याची, एक इलाहीचाचांची. सहा म्हशींची. इलाहीचाचांच्या पत्र्याच्या डब्यातल्या दोन अवजारांवरची पुसणी, एक वस्तऱ्याची आणि एक केस कापायच्या मशीनच्या दातांची. आणि मंडळाच्या मानाच्या शालीचे दोन गोंडे. ते आपल्याकडे नाहीत हे मंडळाला अजून कळलेलं नव्हतं.

हे तेवीस नमुने गोळा करायची वेळ माझ्यावर आली, कारण त्याआधी मी एक चिठ्ठी घरी नेली होती.

मी कोल्हापुरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला दीड वर्ष झालं. राहते शाहूपुरीच्या मागच्या बाजूला, अमरसिंहकाकांच्या घरात. खाली गोठा, वर आम्ही. गोठ्यात चौदा म्हशी. त्यातली चांदणी ही काकांची खास. कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं मागं वळलेली. काका तिला ‘माझी राणी’ म्हणतात. राणीच्या अंगाला हात लावताना मी काकांना आजवर तीनदा पाहिलंय. तिन्ही वेळा फोटोग्राफर हजर होता.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी मिरवतात. आधी अंगावरचे केस भादरायचे, मग तेल चोळायचं, शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसून पुढं जातो आणि म्हैस त्याच्या मागं धावते; पंच गुण देतात. लोक म्हणतात, काय माया आहे बघा मालकावर. म्हैस धावते ती वैरण घालणाऱ्याच्या मागं. चांदणी धावावी म्हणून काकांना दरवर्षी मागच्या सीटवर धोंडुआत्याला बसवावं लागतं. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. पहाटेची आणि संध्याकाळची धार तीच काढते. फोटो छापताना तिला कापतात.

भादरायचं काम बावीस वर्षं इलाहीचाचांचं. हातकणंगल्याहून येतात, डबा उघडतात, म्हशीच्या मानेवर डावा हात टाकून तिच्याशी काहीतरी पुटपुटतात आणि सुरू करतात. बावीस वर्षांत त्यांनी एकाही म्हशीला कापलेलं नाही. हे मी मोजलेलं नाही, पण आत्यानं मोजलंय, आणि आत्याच्या मोजण्यावर माझा आमच्या लॅबच्या डॉक्टरसाहेबांपेक्षा जास्त विश्वास आहे.

जुलैमध्ये मंडळाला नायटा झाला. एकेकाला असं नाही, मंडळालाच. आधी दोघं, मग पाच, ऑगस्ट संपेपर्यंत अकराच्या अकरा. लाल कडा, मधे खपली, रात्रंदिवस खाज. सगळ्यांनी मेडिकलमधून तीच ट्यूब आणली, कारण ती काकांनी आणली होती. त्या ट्यूबमध्ये खाज थांबवणारं स्टिरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी सुखात वाढते. मी हे सांगितलं. काका म्हणाले, “तू तुझ्या लॅबात सांग.” नंतर डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या. त्यांनीही फरक पडला नाही.

त्याच सुमारास चांदणीसह सहा म्हशींच्या अंगावर राखाडी खपल्या दिसल्या आणि मंडळाला कारण सापडलं.

“म्हशीत आलं, म्हंजे इलाहीनं आणलं,” काका मंडळाच्या शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. “गावोगाव हिंडतोय, कुठल्या कुठल्या म्हशी भादरतोय. भादरताना केस उडत्यात, आपल्या अंगावर पडत्यात.”

काका मंडळाचे अध्यक्ष, गुंडू सचिव. काकांनी वाक्य संपवलं की तो त्याला पूर्णविराम देतो. “बरुबर हाय की,” तो म्हणाला.

मीच म्हटलं की तपासून बघू. एक म्हशीचा आणि एक काकांचा नमुना प्रयोगशाळेत नेला. तीन आठवड्यांनी दोन्ही प्लेटांवर सारखीच पांढरी, पिठूळ वाढ आली. आमचे प्रमुख डॉ. उदयसिंह यांनी प्लेटा उजेडासमोर धरल्या, उलट्या करून खालचा रंग पाहिला आणि म्हणाले, “एकच. मेंटाग्रोफायटिस. तीस वर्षं बघतोय मी.”

“सर, दिसायला सारख्या असणाऱ्या...”

“तीस वर्षं,” ते म्हणाले, आणि लेटरहेडवर लिहून दिलं: दोन्ही नमुन्यांतील बुरशी एकच.

ती चिठ्ठी मी घरी नेली. मला शंका होती, तरी नेली. संध्याकाळपर्यंत तिचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर होता आणि तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला: ‘बाहेरील भादरणाऱ्यांना गल्लीत प्रवेश बंद. आदेशावरून.’ खाली अकरा जणांचे हसरे फोटो. प्रत्येकाच्या खांद्यावर शाल, आणि ती एकच.

फ्लेक्सचा फोटो शहरभर फिरला. इलाहीचाचांना आमच्या गल्लीनं बंद केलं, मग मागच्या गल्लीनं, मग गंगावेशीकडच्या गोठ्यांनी. पाडवा सात आठवड्यांवर होता. चाचा एकदा येऊन फ्लेक्सखाली उभे राहिले. मी कामावरून येत होते.

“संयोगिताबाई,” ते म्हणाले. मी तीन वर्षांची असल्यापासून ते मला असंच म्हणतात. “तुमच्या लॅबानं लिवलंय म्हणं.”

“लिहिलंय. पण ते नुसतं बघून लिहिलंय.”

“बघून तर मीबी सांगतो की. सगळ्या म्हशी काळ्याच दिसत्यात. पण काळी दिसली म्हणून दुसऱ्याची म्हस मी भादरत न्हाय.”

एवढं बोलून ते स्टेशनकडं चालत गेले. त्यांच्या डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक जुना गोल चट्टा होता. म्हशीच्या मानेवर जो हात टाकतात, तोच. तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, आणि मला माझीच लाज वाटली. शंका आली की आधी नमुना घ्यायचा असतो. चिठ्ठी घ्यायची नसते.

दुसऱ्या दिवसापासून मी कागदावर माणसांच्या आकृत्या काढल्या. पुढून एक, मागून एक. अकरा सभासदांचे चट्टे कुठे आहेत ते लाल पेनने भरलं. नऊ जणांचे मानेच्या मागं आणि डाव्या खांद्यावर. दोघांचे मानेवर आणि पाठीवर. हातावर एकाचाही नाही. मग आत्याची आकृती. तिचे दोन चट्टे, दोन्ही उजव्या हाताच्या पुढच्या भागावर, धार काढताना म्हशीच्या पोटाला टेकतो तिथं. इलाहीचाचांचा डाव्या कोपरावर; तो नमुना आणि अवजारांची पुसणी मी हातकणंगल्याला जाऊन घेतली.

डावा खांदा आणि मान म्हटल्यावर मला शाल आठवली.

मंडळाची ही शाल गुलाबी, जरीकाठाची. मंडळ काढलं ते गणपतरावांनी. ते आता नाहीत. त्यांची म्हैस पाडव्याला पहिली आली तेव्हा ही शाल त्यांच्या अंगावर घातली गेली. तेव्हापासून दर शनिवारी आठवड्याचा एक मानकरी ठरतो. तो शेडमधल्या खुर्चीवर पाच ते नऊ ती शाल घेऊन बसतो. शर्टावर शाल उठून दिसत नाही म्हणून सँडो बनियनवर घेतात. पावसाळ्यात, पत्र्याखाली, चार तास घामात. नऊ वाजता घडी घालून कपाटात. अकरा सभासद, अकरा शनिवार, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि शाल कधीही धुवायची नाही. पाण्यात घातली की मान जातो, असा नियम आहे. तो लिहून काचेत लावलेला आहे.

शाल मागितली असती तर मिळाली नसती. मी आत्याला सांगितलं. ती शेड झाडायला जाते. परत आली तेव्हा तिच्या मुठीत दोन गोंडे होते.

“आत्या, कुणी बघितलं?”

“कोण बघतंय मला? चाळीस वर्षं झाडतोय मी त्यास्नी.” तिनं गोंडे माझ्या पाकिटात टाकले. “लई घाण वास मारतोय. मानाला वास येतोय म्हणायचं. जातो मी धारंला.”

डॉक्टरसाहेबांकडं जनुकीय तपासणीची परवानगी मागितली. ते हसले. “कर. पुण्याला पाठव. तुझं समाधान होईल, माझं म्हणणंही सिद्ध होईल.” सही करताना त्यांनी तारीख चुकीची घातली. मी दुरुस्त केली.

तेवीस नमुन्यांपैकी एकोणीस वाढले. सभासदांचे नऊ, आत्याचा, चाचांचा, पाच म्हशींचे, मशीनच्या दातांवरचा एक, शालीचे दोन्ही. वस्तऱ्यावर काही आलं नाही. एकोणीसही प्लेटा एका ओळीत मांडल्या. पांढऱ्या, पिठूळ, खालून पिवळट तपकिरी. कुठली माणसाची, कुठली म्हशीची, मला सांगता येईना. डॉक्टरसाहेबांनाही आलं नसतं. फरक इतकाच की त्यांनी सांगितलं असतं.

बुरशीची प्रजाती कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते, हे रंगावरून ठरवायची पद्धत जुनी आहे. ती वाईट नव्हती, दुसरं काही नव्हतं म्हणून होती. आता डीएनएचे ठरावीक तुकडे वाचतात. एकाच तुकड्यात दोन बुरश्या वेगळ्या दिसल्या तर तो योगायोग असू शकतो. एकाच घरात दोन भावांची नाकं वेगळी असतात. पण तीन वेगवेगळे तुकडे वाचले आणि तिन्हींनी आपापलं, एकमेकांना न विचारता, त्याच ठिकाणी वाटणी दाखवली, तर मधे कुंपण आहे असं धरतात. अलीकडच्या अलीकडचे आणि पलीकडच्या पलीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेले नाहीत. ही हद्द कुठं मानायची यावर मोठ्या प्रयोगशाळांतही वाद आहेत. ते वाद निदान वाचून घालतात.

मी तीन तुकडे पाठवले. एकूण एक हजार आठशे चोपन्न अक्षरं. पुण्याहून निकाल आले ते मी सुट्टीच्या दिवशी घरी बसून एकाखाली एक लावले. मग पुन्हा लावले. मग प्रत्येक शंकेची जागा मूळ आलेखात जाऊन पाहिली.

अहवालाची प्रत डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चाळली. “मेंटाग्रोफायटिसच्या आसपासचंच आहे हे सगळं,” ते म्हणाले. “मी तेच म्हटलं होतं.”

“तुम्ही ‘एकच’ म्हटलं होतं, सर.”

“आसपास म्हणजे एकच,” ते म्हणाले आणि सही करायची राहिली. मी माझी केली.

त्या शनिवारी मंडळाची बैठक होती. मानकरी काका. बनियन, शाल, खुर्ची. मी फोन करून इलाहीचाचांना बोलावलं होतं. ते शेडच्या बाहेर, फ्लेक्सच्या अलीकडं की पलीकडं हे कळणार नाही अशा जागी उभे राहिले. आत्या शेणाचे हात धुऊन दारात टेकली.

मी वाचलं. नऊ सभासदांची बुरशी आणि शालीवरच्या दोन, अशा अकरा नमुन्यांत आपसांत एकाही अक्षराचा फरक नाही. पाच म्हशी, आत्या, इलाहीचाचा आणि मशीन, अशा आठ नमुन्यांतही आपसांत फरक नाही. या दोन गटांमधला फरक पहिल्या तुकड्यात चार, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात सहा. एकूण तेरा. आणि चौथं एक जनुक मी फक्त सभासदांच्या गटात पाहिलं. त्यात एक अक्षर बदललेलं आहे, त्यामुळं डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडत नाहीत. नऊपैकी नऊ.

“मराठीत सांग,” काका म्हणाले.

“मराठीतच सांगितलं. तुमचा नायटा म्हशीकडून आलेला नाही. त्या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. तुमचा माणसाचा आहे आणि तो शालीवर आहे. मंडळात पहिल्यांदा कुणी आणला ते यातून कळत नाही.”

“अठराशे चोपन्नात तेरा?” काकांनी सगळ्यांकडं बघत विचारलं. “तेरा! म्हंजे सारखंच की! अठराशे एक्केचाळीस तर जुळत्यात!”

“जुळत्यात की,” गुंडू म्हणाला.

“अमऱ्या,” आत्या दारातून म्हणाली. काकांना या नावानं हाक मारणारं आता तेवढं एकच माणूस उरलंय. “गेल्या साली चांदणी पाव मार्कानं दुसरी आली, तवा तू पंचाच्या दारात जाऊन बसलतास. तीन दिस. पाव मार्क तुला चालत न्हाय, आन तेरा अक्षरं चालत्यात व्हय?”

मागं कुणीतरी हसलं आणि खोकल्यात घातलं.

“मग तुमास्नी कशी म्हशीची झाली?” काकांनी आत्याकडं आणि बाहेर बोट केलं. “तुला, त्या इलाहीला?”

याचं उत्तर माझ्याकडं आकृत्यांच्या कागदावर होतं. “जे म्हशीला हात लावतात त्यांना म्हशीची झाली,” मी म्हटलं. “जे लावत नाहीत त्यांना शालीची.”

त्यावर पहिला गुंडू बोलला, कारण पूर्णविराम द्यायची त्याला सवय आहे आणि वाक्य कुणाचं ते तो बघत नाही. “म्हंजे,” तो विचार करत म्हणाला, “आपल्यातलं कोणच म्हशीला हात लावत न्हाय की.”

काकांचा चेहरा शालीच्या रंगाचा झाला.

मी चाचांकडं वळले. एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती लपवली असती तर माझ्यात आणि डॉक्टरसाहेबांत काही फरक राहिला नसता. “चाचा, तुमच्या मशीनच्या दातांवर म्हशीची बुरशी आहे. एका म्हशीची दुसरीला तुमच्या मशीननं लागली असेल. माणसांना नाही, पण म्हशींना लागली असू शकते.”

चाचांनी डबा उघडून मशीनचे दात बघितले. “मग थोडा दोष माझाबी हाय.” मग विचारलं, “वस्तरा?”

“वस्तऱ्यावर काही आलं नाही.”

“तो मी दर म्हशीला उकळतो. मशीन उकळत न्हाय, बिघडंल म्हणून.” डोकं हलवून म्हणाले, “दात काढून उकळता येतील. उकळीन.”

अकरा जणांना सगळ्या बैठकीत आपली चूक मान्य करणं जमलं नव्हतं, ते त्यांनी दोन-चार वाक्यांत केलं. मंडळावर त्याचा परिणाम झाला, पण मंडळाच्या पद्धतीनं. गुंडू उठला. “चुकलंच आमचं. पावणं, या आत या. इलाहीभाईंचा मंडळातर्फे सत्कार करूया. अध्यक्ष, द्या की शाल.”

आणि काकांनी, इतका वेळ सगळं ऐकून झाल्यावर, शाल खांद्यावरून काढून पुढं केली.

चाचा एक पाऊल मागं सरले. “नगं,” ते म्हणाले. “माझ्या अंगावर म्हशीची हाय, ती पुरं.”

आत्या इतकी हसली की तिला चौकटीचा आधार घ्यावा लागला. चाचा हसले नाहीत. “सत्कार नगं. जी चिठ्ठी ग्रुपवर टाकलासा, तिच्याखाली ही चिठ्ठी टाका. आन त्यो फ्लेक्स उतरवा. मग मी येतो.”

गुंडूनं अहवालाचा फोटो तिथंच काढला, तिथंच टाकला. एकेक सभासद उठून आपापल्या गोठ्याची वेळ चाचांना सांगू लागला. दहा गोठे झाले. काका खुर्चीवर बसून होते. त्यांचा गोठा अकरावा.

“चांदणीला यंदा मी भादरणार,” ते म्हणाले. “माझ्या हातानं. बघूया कोण म्हणतंय हात लावत न्हाय.”

फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला. गुंडूच्या गोठ्याचं छप्पर गळत होतं, तिथं त्यानं तो छपाईची बाजू खाली करून ताणला. आता अकरा हसरे चेहरे शेणाकडं बघत असतात. शाल आत्यानं चुलवणावर उकळली. जरीचा रंग गेला. सभासदांनी तिला हात लावायचं सोडलं. मान गेला म्हणून, बुरशी होती म्हणून नाही. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या आणि दोन महिन्यांत बहुतेकांचे खांदे स्वच्छ झाले.

इलाहीचाचांनी पाडव्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या सत्तर म्हशी भादरल्या. दर म्हशीनंतर मशीनचे दात काढून पातेल्यात टाकत होते. गंगावेशीकडून तीन गोठ्यांनी फोन करून विचारलं. त्यांना चाचांनी पाडव्यानंतरची वेळ दिली.

चांदणीला काकांनी भादरलं. नव्या मशीननं, चार तास, फोटोग्राफरसह. चांदणीच्या अंगावर राखाडी खपल्या अजून होत्या. चाचा शेजारच्या गोठ्यातून एकदा डोकावले. “आधी खपल्या सुकू द्या, साहेब. आन बाह्या खाली घ्या.” काकांनी बाह्या आणखी वर केल्या, फोटोसाठी. डाव्या बाजूला पायऱ्या पडल्या, पाठीवर दोन टक्कल. मिरवणुकीत चांदणी काकांच्या गाडीमागं धावली, कारण मागच्या सीटवर आत्या होती. गुणांमध्ये ती एकोणिसावी आली. काका या वेळी पंचांच्या दारात बसले नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते एका सकाळी माझ्या खोलीच्या दारात आले. उजवी बाही वर केली. मी कामाची पेटी आणली, चट्ट्याची कड स्पिरिटनं पुसली, खरवड घेतली, पाकिटावर क्रमांक घातला. मशीन नवं होतं म्हणून त्याच्या दातांचीही पुसणी घेतली, पण तो वेगळा तक्ता आहे.

निकाल जानेवारीत आला.

नमुना क्रमांक चोवीस. अमरसिंह, उजवं कोपर, आतली बाजू. वाचलेली अक्षरं : १८५४. शालीच्या गटापासून फरक : १३. चांदणीच्या नमुन्यापासून फरक : ०.